दाजी ट्रक घेतात!

खरेदी ही एकट्याने करावयाची गोष्ट नव्हे, असे आमच्या घराण्यात पूर्वापार मानतात. साडी घ्यावयाची तर पाच बायका लागतात आणि पंखा घ्यावयाचा तर तीन पुरुष. त्यातून माझ्या हातून याच सदरात एकदा मिक्सर कसा निवडावा यावर चार शब्द लिहून गेले. तेव्हापासून यंत्र म्हटले की नातेवाइकांना माझी आठवण होते. मिक्सरचे झाकणही मला धड बसवता येत नाही, हे फक्त आमच्या सौ.ला ठाऊक आहे. आणि घरातली गोष्ट बाहेर सांगणाऱ्यांतली ती नव्हे.

तेव्हा गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी सातला अंबरनाथहून दाजींचा फोन आला, "आंघोळ झाली असेल तर निघा. ट्रक घ्यायला जायचंय," त्या वेळी मला फारसे नवल वाटले नाही. भाचीच्या मुलाला खेळण्यातला घ्यावयाचा असेल, असे वाटले.

"खरा ट्रक," दाजी म्हणाले. "डिझेलचा. अवजड."

दाजी म्हणजे आमच्या अक्काचे यजमान. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत त्यांनी चौतीस वर्षे लोखंडाशी संसार केला. अक्काशी केला तो उरलेल्या वेळात. "निवृत्त झालो की हिंडू," हे त्यांचे ठरलेले वाक्य. ते निवृत्त झाले आणि नेमके तेव्हाच अक्काचे गुडघे गेले. गेली नऊ वर्षे ती लग्नामुंजीला जात नाही. कारण पुरुषांना कोणी सांगत नसे. बायका बायकांतच बोलत. खाली बसता येत नाही, आणि परक्या घरी, धर्मशाळेत, एस.टी.च्या स्थानकावर सोय कशी असेल याचा नेम नाही. आमचे मूळ गाव ओतूर, माळशेज घाट चढून गेले की आलेच. बदलापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण या एका अडचणीपायी अक्काला माहेर नऊ वर्षे बंद झाले होते.

मागल्या वर्षी दोघे लेकीकडे अमेरिकेत गेली. तिथे जावयाने एक फिरते घर बाळगले आहे. त्यात बिछाना, ओटा, न्हाणीघर, सगळे. ते ओढावयास मागे जोडचाके असलेला डिझेल ट्रक. इंजिन कमिन्सचे. याच कमिन्सने १९६२ साली किर्लोस्करांबरोबर पुण्यात कारखाना काढला होता, त्यामुळे दाजी त्या ट्रककडे घरच्या जावयापेक्षाही अधिक मायेने पाहू लागले. पंधरा दिवस ते चाकांवरचे घर तळ्यांच्या काठाकाठाने हिंडले. अक्का कोणालाही "तुमच्याकडे कमोड आहे का हो?" असे न विचारता हिंडली. एका सकाळी तळ्याकाठी तिने स्वतःच्या हाताने चहा केला आणि ती दाजींना म्हणाली, "असं आपल्याकडं असतं तर ओतूरला गेले असते."

झाले! परत आल्यावर दाजींनी शोध आरंभला. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, ते त्यांनी तोंडपाठ केले. आणि चित्रपटांच्या कामावर वापरून काढून टाकलेला एक बावीस फुटी ओढता डबा त्यांनी विकत घेतला. त्यात आरसा एवढा मोठा की भोवती चौदा दिवे! तो डबा बदलापुरात, आमच्या घरामागच्या एका ओळखीच्या मोकळ्या प्लॉटवर आणून ठेवला. आता उणीव फक्त ओढणाऱ्याची होती.

अंबरनाथच्या आधीचे शहर उल्हासनगर. गंमत म्हणून सगळेच त्याला 'यूएसए' म्हणतात. "जावयानं त्या यूएसएत घेतला, आपण या यूएसएत घेऊ," असे म्हणत दाजींनी मला कॅम्प नंबर तीनमधल्या जुन्या गाड्यांच्या एका शेठकडे नेले. शेठ आदबशीर, वयस्कर. दाजींनी सुरुवात केली, "कॅम्पर ओढायचाय."

"कॅम्पर? साईं, कॅम्पात येऊन कॅम्पर विचारता? हा काय कॅम्पर!" म्हणत त्यांनी बोलेरो कॅम्पर दाखवली. त्या नावाची दुहेरी केबिनची पिकअप आपल्या रस्त्यांवर रोज दिसते. पण तिच्यात घर नसते, पोती असतात. गैरसमज फिटेपर्यंत दोन चहा झाले.

मी घरून थोडी माहिती टिपून नेली होती. ती वाचकांनाही उपयोगी पडेल. अमेरिकेत घरे ओढणारे ट्रक 'पाऊण टनी', 'एक टनी' अशा नावांनी ओळखतात. नावे जुनी राहिली, प्रत्यक्षात ते त्याहून कितीतरी अधिक भार घेतात. ओढण्यासाठी अश्वशक्तीपेक्षा महत्त्वाचा असतो टॉर्क, म्हणजे इंजिनाची पिळण्याची ताकद. डिझेल इंजिन ती कमी फेऱ्यांत देते, म्हणून ओझ्याला डिझेल. जावयाच्या इंजिनाचा टॉर्क चौदाशे न्यूटन-मीटरच्या वर. आपल्याकडे २०२२ साली आलेल्या टोयोटा हायलक्सचा, स्वयंचलित गिअर असेल तर ५००; इसुझू व्ही-क्रॉसचा ३६०; टाटा योद्धा २.० चा २५०. तिकडचे ते राक्षस इकडे दुकानात मिळत नाहीत. तेव्हा मोठे ओढावयाचे तर इथे मालवाहू ट्रककडेच वळावे लागते.

शेठनी दोन वाहने काढली. एक चकचकीत दुहेरी केबिनची पिकअप. दुसरा मालवाहू ट्रक, उंच, निळा, नुकताच रंगवलेला. दाजींनी ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवला तेव्हाच मी ओळखले की आता माझ्या टिपणांचा उपयोग नाही. शेठनी ट्रक रिकामाच स्टेशनपर्यंत फिरवून आणला. रिकामा ट्रक पळणारच! रिकाम्या पिशवीने मीही मंडईत पळतो. पण दाजींनी पंचवीस हजार इसार दिला. मी एवढेच म्हणवून घेतले की, मिस्त्रीला दाखवून मगच सौदा पक्का.

मिस्त्री म्हणजे दाजींच्या हाताखाली शिकून बाहेर पडलेला एक जण. अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत त्याचे गॅरेज आहे. परतताना आम्ही तिथे उतरलो. ट्रक कोणता, किती सालचा, यातले त्याने काहीच विचारले नाही.

"साहेब, डबा भरल्यावर वजन किती?"

"कागदावर २,१५० किलो."

"कागदावर नाही, भरल्यावर. बरं, त्यातलं हुकावर किती येतं? आणि घाट उतरताना थांबवणार कोण?"

दाजी म्हणाले, "ट्रक थांबवेल."

मिस्त्रीने हात पुसले. "साहेब, कर्जतला पुण्याच्या गाड्यांना मागून इंजिनं लावतात ना? बोरघाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट, म्हणून लावतात. ते सगळ्यांना दिसतं. पण उतरताना त्याच गाड्या घाटात मुद्दाम थांबवतात, आणि ब्रेक सुटलाच तर गाडी चढावर वळवायला वेगळी रुळांची फाटी ठेवलीय, ते कुणी बघत नाही. चढवणं सोपं असतं. ताकद कमी पडली तर गाडी जागेवर राहते, एवढंच. उतरताना कमी पडली तर जागेवर राहत नाही."

त्याने आणखी समजावले. डब्याच्या वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा. कमी आला तर डबा शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही फिरवतो. जास्त आला तर गाडीचे नाक उचलते, स्टिअरिंग हलके होते. एवढ्या मोठ्या डब्याला स्वतःचे ब्रेक हवेत आणि हुक सुटल्यास आपोआप लागतील अशी सोय हवी. घाटात खालच्या गिअरात उतरावे, न्यूट्रलवर कधीही नाही. आणि १ एप्रिल २०२० पासूनची बीएस-६ डिझेल गाडी घेणार असाल तर धुराची काजळी धरणारी गाळणी तिच्यात असते; तिला मधूनमधून लांब, सलग धाव हवी. उल्हासनगर ते अंबरनाथ रांगत राहिलात तर ती तुंबते. ट्रेलरची नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याचा परवाना याबद्दल आरटीओत आधी विचारा, पैसे नंतर द्या.

"आधी वजन करून या," तो म्हणाला. "भरून."

पुढच्या रविवारी डबा ट्रॅक्टरला लावून बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या वजनकाट्यावर नेला. अक्का सकाळपासून भरत होती. पाण्याची टाकी ३०० लिटर; पाणी लिटरला किलो, म्हणजे ३०० किलो. दोन भरलेले सिलिंडर मिळून ६०. सिनेमावाल्यांनी मागाहून बसवलेला जनरेटर आणि थंड हवेचे यंत्र. गाद्या, भांडी, धान्य, आणि "ओतूरला न्यायच्या" म्हणून लोणच्याच्या चार बरण्या. काट्याची पावती आली : २,८७० किलो. कागदापेक्षा ७२० अधिक! दाजींनी पावती उलटसुलट करून पाहिली, जणू मागल्या बाजूला कमी आकडा लिहिला असेल.

मी पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. बारा टक्के धरले तरी हुकावर सुमारे ३४५ किलो. गाडीत चार माणसे, २८०. थोडे सामान, ६०. एकूण ६८५. शेठच्या चकचकीत पिकअपला कागदावर ४५० किलो भार मान्य होता. म्हणजे ती बाद. ती डबा ओढणार नाही असे नव्हे. ओढेल, आणि म्हणूनच माणूस फसेल. उरला निळा ट्रक.

तेवढ्यात काट्यावरचा मुलगा म्हणाला, "आजींना आतच बसवून नेणार का? ओढत्या डब्यात माणसं बसवत नाहीत हं. सगळी पुढच्या गाडीत."

दाजींना हे ठाऊक होते. जावयानेही तिकडे तसेच केले होते. पण 'पुढची गाडी' हे शब्द ऐकून अक्काने दाजींकडे पाहिले. तेव्हा मला त्यातले काही कळले नाही.

शेठनी कबूल केल्याप्रमाणे ट्रक त्याच दुपारी अंबरनाथला मिस्त्रीकडे पाठवला. अक्का नारळ घेऊन आली होती. मिस्त्री ट्रकखाली सरकला आणि हातोडीने चासी टकटक वाजवत मागे मागे गेला. टण, टण, टण. आणि मग एकदा थप्प. बाहेर येऊन म्हणाला, "रंग नवा, वेल्डिंग जुनं. तडा गेलेला आहे. जिथं तुमचा हुक बसणार, नेमका तिथं."

"जोडून घेऊ," दाजी म्हणाले. चौतीस वर्षे लोखंड जोडलेला माणूस. "पट्टी मारू. अगं, तू तोवर चढून तर बघ, समोरून रस्ता कसा दिसतो!"

अक्का दारापाशी गेली. पहिली पायरी तिच्या मांडीएवढी उंच होती. तिने दांडा धरला, उजवा पाय उचलला. तो पायरीच्या वीतभर खालीच राहिला. तिने डावा उचलून पाहिला. मग दोन्ही पाय जमिनीवर ठेवून दांडा धरून ती तशीच उभी राहिली. मी दुसरीकडे पाहू लागलो. मिस्त्रीनेही हात पुसावयास घेतले.

आम्ही टॉर्क पाहिला, हुक पाहिला, ब्रेक पाहिले. चौदा दिव्यांचा आरसा पाहिला. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, तिला त्या गाडीत चढता येईल का, हे तिघा पुरुषांपैकी एकानेही पाहिले नव्हते. आणि तिने आठ दिवस एका शब्दाने हटकले नव्हते; कारण दाजींना इतके आनंदात तिने फार दिवसांनी पाहिले होते.

"स्टूल घेऊ की आपण," दाजी म्हणाले. पण त्यांचा आवाज बसला होता.

"अहो," अक्का म्हणाली, "मला एवढं मोठं घर कुठं हवं होतं? अंबरनाथच्या दोन खोल्यांत जन्म गेला, त्यात मला काही कमी पडलं नाही. मला उंच कमोड हवा, बसकी पायरी हवी, आणि थांबा म्हटलं की गाडी थांबायला हवी. तुम्ही कधी थांबला नाहीत, म्हणून म्हणते."

दाजी काही बोलले नाहीत. मिस्त्रीच्या बाकावर बसून त्यांनी काट्याची पावती घडी घालून खिशात ठेवली. नारळ तसाच परत गेला. संध्याकाळी त्याच्या वड्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी इसार मागावयास मी दाजींबरोबर उल्हासनगरला गेलो. भांडावे लागणार असे धरून मी रस्त्यात दोन-तीन कडक वाक्ये जुळवून ठेवली होती. शेठनी तड्याचे ऐकले, रंग देणाऱ्या मुलाला हाक मारून बराच वेळ सिंधीत खडसावले, आणि पंचवीस हजार मोजून दाजींच्या हाती ठेवले. आमची वाक्ये तशीच राहिली.

"बावीस फुटांचं घर?" शेठ म्हणाले. "साईं, माझे वडील फाळणीनंतर इथे आले तेव्हा हा लष्कराचा कॅम्प होता. बरॅकीत गोणपाटाचा पडदा लावून राहिले. १९४९ साली राजाजी आले, शहराची पायाभरणी झाली, उल्हासनगर नाव मिळालं. तोवर आमचं सगळं घर एका पत्र्याच्या ट्रंकेत होतं. ट्रंक आईला उचलेल एवढीच. जास्त भरली असती तर वाटेतच टाकावी लागली असती."

डबा विकला. त्यात चाळीस हजारांची खोट आली, हेही सांगितले पाहिजे; नाही तर वाचकांना वाटावयाचे की शहाणपण फुकट मिळते. खरे म्हणजे क्रम उलटा हवा होता. आधी माणूस, मग घर, मग घराचे भरलेले वजन, आणि सगळ्यात शेवटी ओढणारा. आणि विकत घेण्यापूर्वी आठ दिवस भाड्याने, हे तर सर्वांच्या आधी.

दिवाळीच्या थोडे आधी, पाऊस ओसरल्यावर, दाजींनी एक लहानशी कॅम्परव्हॅन चार दिवस भाड्याने आणली. इंजिन आणि घर एकाच चासीवर, त्यामुळे ओढण्याचा प्रश्नच नाही. घेण्यापूर्वी दाजींनी खिशातून टेप काढून पायरीची उंची मोजली. बाकी काही मोजले नाही.

बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड आणि पुढे माळशेज. मी मागल्या बाकावर होतो. घाटात अक्का पहिल्यांदा "अहो, थांबा," म्हणाली ती एका धबधब्यापाशी. दाजींनी जागा पाहून गाडी बाजूला घेतली. पुढे करवंदांच्या जाळ्या दिसल्या म्हणून थांबवली. करवंदांचे दिवस नव्हते, तरी थांबवली. मग पिंपळगाव जोग्याच्या धरणाचे पाणी दिसले म्हणून. ओतूरच्या वेशीपर्यंत अकरा वेळा थांबलो. दाजींनी एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. वाड्याच्या दारात थोरली वहिनी भाकरतुकडा घेऊन उभी होती. अक्का उतरली, वहिनीच्या गळ्यात पडली, आणि लोणच्याच्या चारही बरण्या न फुटता पोहोचल्या.

परतताना घाट खालच्या गिअरात उतरलो. अगदी सावकाश. मागून हॉर्न वाजत होते.

आमच्या बदलापूरचे नाव कसे पडले, याची एक गोष्ट सांगतात. जुन्या काळी प्रवासी इथे थकलेले घोडे बदलून पुढे जात, म्हणून बदलापूर. दाजींना मी ती ऐकवली. ते म्हणाले, "घोडा बदलायलाच निघालो होतो. ओझं बदललं, काम झालं."

परवा पुन्हा सकाळी सातला फोन. या खेपेस आमचे मावसबंधू. त्यांना चुलत्यांसाठी वर-खाली होणारा रुग्णाचा पलंग घ्यावयाचा आहे, आणि तो कसा निवडावा हे मला ठाऊक असणारच, अशी त्यांची खात्री आहे. मी एवढेच विचारले, "काकांना विचारलंत का?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती.